मध्ययुगीन युरोपातील प्लेगचा अभ्यास कसा करावा

मध्ययुगीन युरोपातील प्लेगविषयी लिहिणारे बहुतेक जण एकाच वाक्याने सुरुवात करतात: १३४७ ते १३५३ या काळात युरोपातील तिसरा हिस्सा लोक मेले. हे वाक्य अगदीच चूक आहे असे नाही, पण ते अभ्यासाच्या शेवटी यायला हवे. ते आधी लिहिले की पुढची सारी माहिती त्या आकड्याच्या समर्थनासाठी गोळा होऊ लागते. साथ कोणत्या वाटेने आली, कुठे थबकली, कोणाला घेऊन गेली आणि मागे राहिलेल्यांनी काय केले, हे प्रश्न बाजूला पडतात. म्हणून या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने किंवा जिज्ञासू वाचकाने एका गावापासून आणि तारीख असलेल्या एका कागदापासून सुरुवात करावी. संपूर्ण खंडाचा हिशेब नंतर मांडता येतो.

गाव कोणते निवडावे

गाव निवडताना एकच कसोटी लावावी. तेथे दोन वेगळ्या जातींची साधने उपलब्ध असावीत: एक कोणीतरी सांगितलेली हकिगत आणि दुसरी रोजच्या कामकाजात सहज झालेली नोंद. हकिगत लिहिणाऱ्याला वाचकापर्यंत काहीतरी पोहोचवायचे असते. दफनाची दक्षिणा, शेतसारा किंवा मजुरी टिपून ठेवणाऱ्या कारकुनाला फक्त आपला हिशेब जुळवायचा असतो. दोन्ही साधने समोरासमोर ठेवली की प्रत्येकातील उणीव आपोआप उघडी पडते.

इटलीतील सिएना हे या दृष्टीने उत्तम नगर आहे. तेथील इतिवृत्तकार अन्योलो दी तुरा याने आपली पाच मुले स्वतःच्या हातांनी पुरल्याचे लिहून ठेवले आहे. त्याच नगरात १३३९ मध्ये हाती घेतलेला कॅथेड्रलचा प्रचंड विस्तार साथीनंतर सोडून द्यावा लागला आणि त्याची अर्धवट भिंत आजही उभी आहे. मात्र ही भिंत केवळ प्लेगचे स्मारक आहे असे समजणे उतावळेपणाचे ठरेल, कारण विस्तार सोडून देण्यामागे बांधकामातील दोष हेही एक कारण होते.

दुसरे उदाहरण फ्रान्समधील बुर्गुंडी प्रांतातल्या जिव्री या लहान गावाचे. तेथील चर्चची दफनांची आणि विवाहांची नोंदवही टिकून राहिली आहे, आणि चौदाव्या शतकातील अशी वही मिळणे ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. साथीपूर्वी तेथे वर्षाला सरासरी सुमारे ३० दफने होत. १३४८ च्या उन्हाळ्याच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरपर्यंतच्या काही आठवड्यांत ती ६०० च्या वर गेली. त्या वर्षी विवाहाची नोंद जवळजवळ नाहीच, आणि पुढच्या वर्षी विवाहांची झुंबड उडालेली दिसते. कोणत्याही इतिवृत्तकाराने इतक्या थोडक्या शब्दांत इतके सांगितलेले नाही. फ्लॉरेन्स, अव्हिन्यों, लंडन किंवा पिस्तोइया यांचीही निवड करता येईल. पण सुरुवातीलाच मोठे नगर घेतल्यास साधनांच्या पसाऱ्यात हरवून जाण्याचा धोका असतो.

तारखा लावण्याचे काम

एकदा गाव ठरले की पहिले काम तारखांचे. हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच ते बहुधा टाळले जाते. परंतु तारीख चुकली तर साथीची दिशाच उलटी होऊ शकते.

त्या काळी युरोपात सर्वत्र १ जानेवारीला वर्ष बदलत नव्हते. फ्लॉरेन्समध्ये आणि इंग्लंडमध्ये नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई, व्हेनिसमध्ये १ मार्चला, तर फ्रान्सच्या मोठ्या भागात ईस्टरला. त्यामुळे फ्लॉरेन्समधील एखाद्या कागदावर जानेवारी १३४७ असे लिहिले असेल तर तो आपल्या हिशेबाने जानेवारी १३४८ असतो. पिसा नगराची तऱ्हा आणखी निराळी होती: तेथेही वर्ष २५ मार्चलाच बदले, पण पिसाचा आकडा फ्लॉरेन्सच्या आकड्याहून एकाने पुढे असे. शेजारच्या दोन नगरांतील दोन कागद एकाच आठवड्यातले असूनही त्यांवर वेगवेगळी साले आढळण्याचे कारण हेच. शिवाय अनेक लेखक दिनांक न देता सणांचा आधार घेतात. इंग्लंडमध्ये साथ कशी शिरली हे सांगणाऱ्या एका इतिवृत्तात, फ्रान्सच्या नैऋत्येकडील गॅस्कनीहून आलेल्या खलाशांनी सेंट जॉन बाप्तिस्तच्या सणाच्या सुमारास मेलकम रेजिस बंदरात रोग आणला असे म्हटले आहे. हा सण २४ जूनचा, म्हणून आपण जून १३४८ असे लिहितो. अशा प्रत्येक तारखेपुढे मूळ नोंद कशी आहे आणि आपण ती कशी बदलून घेतली, हे वहीत स्वतंत्र रकान्यात लिहावे.

याशिवाय प्रत्येक गावासाठी साथ 'आली' ही एकच तारीख मांडू नये. संसर्ग आणणारे जहाज बंदराला लागणे, पहिले मृत्यू होणे आणि ही साधी तापाची साथ नाही हे नगराच्या कारभाऱ्यांना उमगणे, या तीन घटनांत काही आठवड्यांचे अंतर पडू शकते. आपल्या हाती असलेला कागद या तिघांपैकी कशाविषयी बोलतो आहे, हे ठरवल्याशिवाय दोन गावांची तुलना करण्यात अर्थ नाही.

नकाशावर वाट आखणे

तारखा हाती आल्या की त्या नकाशावर मांडाव्यात, आणि नकाशा आखताना जमिनीवरील सीमांपेक्षा समुद्रमार्गांकडे आधी पाहावे. ढोबळ क्रम असा आहे. १३४६ मध्ये काळ्या समुद्रावरील काफा या जिनोव्हाच्या व्यापाऱ्यांच्या ठाण्याला सुवर्ण टोळी या मोंगल राज्याचा खान जानी बेग याच्या सैन्याने वेढा घातला असताना त्या सैन्यात साथ पसरली. १३४७ मध्ये ती कॉन्स्टँटिनोपलला पोहोचली आणि ऑक्टोबरमध्ये सिसिलीतील मेसिना बंदरात. वर्ष संपण्यापूर्वी मार्सेय, आणि १३४८ च्या आरंभी जिनोव्हा, पिसा, व्हेनिस व अव्हिन्यों येथे ती दाखल झाली होती. उन्हाळ्यात पॅरिस आणि इंग्लंडचा दक्षिण किनारा, शरद ऋतूत लंडन, १३४९ मध्ये नॉर्वेतील बर्गन, १३५० पर्यंत स्कॉटलंड, १३५२ मध्ये रशियातील प्स्कोव्ह व नोव्हगोरोद आणि १३५३ मध्ये मॉस्को; तेथील राज्यकर्ता सिमियोन त्याच वर्षी साथीत मरण पावला.

हा क्रम नुसता पाठ न करता नकाशावर रेषेने जोडून पाहावा. काफा आणि मॉस्को यांच्यामध्ये गवताळ प्रदेश पसरलेला आहे आणि जमिनीवरून जाणारी वाट तुलनेने जवळची आहे. तरीही साथ मॉस्कोला पोहोचली ती भूमध्य समुद्र, अटलांटिकचा किनारा, उत्तर समुद्र आणि बाल्टिक असा खंडाला वळसा घालून, सात वर्षांनी आणि पश्चिमेकडून. ज्या वाटेने धान्य, लोकर आणि मद्य जात होते त्या वाटेने रोग गेला, हे यातून जितके स्पष्ट होते तितके दुसऱ्या कशातूनही होत नाही. रेषा आखताना मोकळ्या जागाही मोकळ्याच ठेवाव्यात. १३४८ मध्ये मिलानला शेजारच्या नगरांच्या मानाने फारच कमी झळ बसली आणि पोलंड व बोहेमियाच्या काही भागांतही तसेच घडलेले दिसते. ज्या छापील नकाशांत संपूर्ण खंड एकाच गडद रंगाने भरलेला असतो, त्यांच्याकडे संशयाने पाहावे.

काफाच्या पूर्वेला काय होते, हा प्रश्न दीर्घकाळ तर्काचाच विषय होता. आजच्या किर्गिझस्तानात इसिक-कुल सरोवराजवळच्या ख्रिस्ती दफनभूमींत १३३८ आणि १३३९ या दोन वर्षांतील थडग्यांची संख्या एकाएकी वाढलेली आहे आणि त्यांपैकी काही शिलालेखांत मृत्यूचे कारण महामारी असे कोरलेले आहे. तेथील सांगाड्यांच्या दातांतून प्लेगच्या जंतूचा डीएनए मिळाल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळस्थानाविषयी विधान करताना या पुराव्याचा आधार घ्यावा. 'चीनमधून आला' असे सरसकट लिहू नये.

रोगाची यंत्रणा किती समजून घ्यावी

इतिहासाच्या अभ्यासकाला वैद्यकाची फार खोल माहिती लागत नाही, पण थोडी लागतेच. प्लेग यर्सिनिया पेस्टिस या जंतूमुळे होतो. अलेक्सांद्र यर्सिन याने तो १८९४ मध्ये हाँगकाँग येथे ओळखला. मुळात हा उंदरांसारख्या कृंतक प्राण्यांचा आणि त्यांच्या पिसवांचा रोग आहे. उंदीर पडू लागले की उपाशी पिसवा माणसांकडे वळतात, आणि चावलेल्या जागेच्या जवळची जांघेतील, काखेतील किंवा मानेतील ग्रंथी सुजते. हा गाठीचा प्लेग. जंतू फुप्फुसात गेला तर रोग खोकल्यातून एका माणसाकडून दुसऱ्याकडे थेट जातो, आणि रक्तात पसरला तर गाठ येण्यापूर्वीच मृत्यू ओढवू शकतो. उपचाराविना गाठीच्या प्लेगातून काही रोगी वाचतात. फुप्फुसाच्या प्लेगातून जवळजवळ कोणी वाचत नाही.

एवढी माहिती असली की जुन्या साक्षी वेगळ्या प्रकाशात दिसतात. पोप सहावा क्लेमेंट याचा वैद्य गी द शोलियाक याने अव्हिन्यों येथील साथ सात महिने टिकल्याचे लिहिले असून, पहिले दोन महिने ताप आणि रक्ताच्या थुंक्या, तर नंतर गाठी व फोड, असे दोन टप्पे नोंदवले आहेत. साथ तेथे जानेवारीत आली होती. म्हणजे थंडीत फुप्फुसाचा आणि ऊब आल्यावर गाठीचा प्लेग, अशी त्याच्या निरीक्षणाची आजच्या ज्ञानाशी सांगड घालता येते. त्याला स्वतःलाही गाठ आली होती आणि तो वाचला.

येथे एक इशारा द्यायला हवा. मध्ययुगातील साथ खरोखर याच जंतूची होती का, यावर विसाव्या शतकाच्या अखेरीस मोठा वाद झाला, कारण ती एकोणिसाव्या शतकातील प्लेगपेक्षा फार वेगाने पसरलेली दिसते. लंडनच्या ईस्ट स्मिथफील्ड येथील १३४८-४९ च्या साथीतील मृतांसाठी उघडलेल्या दफनभूमीतून मिळालेल्या जंतूचा जनुकीय आराखडा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो वाद जवळपास मिटला. वेगाचे कोडे मात्र मिटलेले नाही. काही संशोधक माणसाच्या अंगावरील पिसवा व उवा यांना मोठे श्रेय देतात, काही उंदरांनाच. अभ्यासकाने या वादात न्यायाधीश होऊ नये. आपल्या गावच्या साधनांत मृत्यू एका घरात एकामागून एक झाले की वस्तीभर विखुरलेले होते, एवढे टिपून ठेवावे.

साक्षीदारांची उलटतपासणी

इतिवृत्ते वाचताना प्रत्येक लेखकाला काही प्रश्न विचारावेत: तो तेथे होता का, त्याने कधी लिहिले, कोणत्या जुन्या लेखनाची घडण त्याच्या डोळ्यांसमोर होती आणि त्याला वाचकाकडून काय हवे होते. हे प्रश्न विचारले की किती तरी लाडक्या कथा डळमळू लागतात.

काफाच्या वेढ्यात मोंगल सैन्याने प्लेगने मेलेल्यांची प्रेते यंत्रांनी तटावरून आत फेकली, ही कथा सर्वांत प्रसिद्ध आहे. ती येते गाब्रिएले दे मुस्सी या पिआचेन्झा येथील लेखपालाकडून (करार व मृत्युपत्रे लिहून देणाऱ्या अधिकृत लेखकाकडून), आणि तो त्या वेळी इटलीतच होता असे अभ्यासक मानतात. म्हणजे कथा ऐकीव आहे. ती खोटीच असेल असे नाही, पण तिच्यावाचूनही रोग नगरात शिरू शकत होता: उंदरांना तटाची अडचण नसते. शिवाय वेढ्याचे वर्ष आणि इटलीत साथ येण्याचे वर्ष यांत बराच काळ गेलेला आहे, आणि दरम्यान १३४७ मध्ये काळ्या समुद्रातील अडलेला धान्यव्यापार पुन्हा सुरू झाला होता. याकडे अलीकडच्या संशोधनाने लक्ष वेधले आहे, आणि मला ते स्पष्टीकरण प्रेते फेकण्याच्या कथेपेक्षा अधिक पटते. नाट्य कमी आहे, इतकेच.

इटालियन कथाकार बोकाचिओ याचे फ्लॉरेन्सचे वर्णन याहून वेगळ्या सावधगिरीने वाचावे लागते. आईबापांनी मुलांना टाकले, भावाने भावाला सोडले, हे त्याने लिहिले ते काही अंशी खरे असणारच. पण अशा वर्णनाची परंपरा युरोपात त्याच्याही आधीपासून होती आणि त्याला आपल्या कथासंग्रहासाठी एक गंभीर प्रवेशद्वार उभारायचे होते. याउलट त्याच काळातील अनेक मृत्युपत्रांवरून असे दिसते की लेखपाल, साक्षीदार आणि नातेवाईक मरणाऱ्याच्या खाटेपाशी जमत होते. पळून गेलेल्यांची गोष्ट सांगितली जाते. थांबलेल्यांची गोष्ट कागदपत्रांत पडून राहते. दोन्ही शोधाव्यात.

सर्वांत विश्वसनीय साक्षीदार बहुधा तेच असतात ज्यांना आपण कोणासाठी लिहीत आहोत हेच ठाऊक नसते. आयर्लंडमधील किल्केनी येथील फ्रान्सिस्कन साधू जॉन क्लिन याने १३४९ मध्ये आपल्या इतिवृत्तात असे नमूद केले की, कोणी जिवंत राहिला तर त्याला हे काम पुढे चालवता यावे म्हणून मी कोरा चर्मपत्र मागे ठेवत आहे. थोड्याच नोंदींनंतर दुसऱ्या हस्ताक्षरात एक ओळ येते: येथे लेखक मरण पावला असे दिसते.

आकड्यांशी कसे वागावे

बोकाचिओने फ्लॉरेन्सच्या तटाच्या आत एक लाखाहून अधिक माणसे मेल्याचे लिहिले आहे. त्या नगराची साथीपूर्वीची एकूण लोकसंख्याच आजच्या अंदाजाने सुमारे तेवढी, किंवा थोडी इकडेतिकडे होती. म्हणून त्याचा आकडा मोजणीचा नसून 'अगणित' या अर्थाचा समजावा. मध्ययुगीन इतिवृत्तांतील गोल आकड्यांना हाच नियम लावावा. मोजदाद करण्यासाठी दुसरीकडे जावे लागते, आणि त्यासाठी इंग्लंडसारखा देश नाही, कारण तेथील दप्तरे विलक्षण सुस्थितीत आहेत.

तेथे तीन प्रकारची दप्तरे उपयोगी पडतात. बिशपांच्या नोंदवह्यांत प्रत्येक चर्चवर नवा धर्मगुरू कधी नेमला हे लिहिलेले असते. १३४९ मध्ये या नेमणुका एकदम वाढतात आणि त्यांवरून वतनदार धर्मगुरूंपैकी ४० टक्क्यांच्या वर मेले असावेत असा अंदाज निघतो. जहागिरीच्या न्यायसभेच्या दप्तरात कूळ मेल्यावर त्याच्या वारसाकडून जमीनदाराला मिळणाऱ्या उत्तम जनावराची नोंद असते, म्हणून तेथे मृत कुळांची नावेच सापडतात. तिसरे साधन १३७७ च्या डोईपट्टीचे. चौदा वर्षांवरील प्रत्येकाने चार पेन्स द्यायचे होते आणि सुमारे १३ लाख ५० हजार लोकांनी ती भरली.

आता या प्रत्येकातील खड्डे पाहावेत. धर्मगुरूंना मरणाऱ्यांजवळ जावे लागे आणि त्यांच्यात प्रौढांचे प्रमाण जास्त होते. त्यांची टक्केवारी साऱ्या समाजाला जशीच्या तशी लावता येत नाही. न्यायसभेच्या दप्तरात जमीन कसणारी कुळेच दिसतात. त्यांच्या बायका, मुले आणि भूमिहीन मजूर दिसत नाहीत. डोईपट्टीच्या आकड्यात मुले, भिकारी आणि चुकवणारे मिळवल्यावर साधारण २५ ते ३० लाख लोकसंख्या निघते. चौदाव्या शतकाच्या आरंभी ती ४५ ते ६० लाखांच्या दरम्यान होती असे मानले जाते. या दोन आकड्यांतील सगळी घट पहिल्या साथीच्या माथी मारणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. मधल्या काळात १३१५ ते १३१७ चा मोठा दुष्काळ होऊन गेला होता, आणि १३७७ पूर्वी प्लेग १३६१ मध्ये व त्यानंतरही पुन्हा येऊन गेला होता.

संपूर्ण युरोपासाठी म्हणूनच एकच आकडा न लिहिता पट्टा लिहावा. तिसऱ्या हिश्शापासून साठ टक्क्यांपर्यंतचे अंदाज गंभीर अभ्यासकांनी मांडलेले आहेत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १९ देशांतील २६१ ठिकाणांच्या परागकणांच्या अभ्यासात शेतीखालील जमीन काही प्रदेशांत झपाट्याने घटलेली, तर काही ठिकाणी स्थिर राहिलेली किंवा वाढलेलीही आढळली. हा निष्कर्ष सर्वांनी मान्य केलेला नाही, पण सरासरीच्या आड किती तफावत दडलेली असू शकते हे तो दाखवतो.

परिणाम ठरवण्याची कसोटी

साथीनंतर घडलेली प्रत्येक गोष्ट साथीमुळे घडली असे नसते. एखादा परिणाम लिहिण्यापूर्वी ती प्रक्रिया १३४७ च्या आधीच सुरू झाली होती का, हे तपासावे. फ्लॉरेन्सच्या पेरुत्झी आणि बार्दी या प्रचंड सावकारी पेढ्या १३४० च्या दशकात, साथ येण्यापूर्वीच बुडाल्या होत्या. इंग्लंड आणि फ्रान्स यांचे युद्ध १३३७ पासून चालू होते. यॉर्कशरमधील व्हॅरम पर्सी हे ओसाड गाव प्लेगने उठले असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. वास्तविक ते साथीनंतरही वसलेले होते आणि मेंढपाळीसाठी शेते मोडली गेल्यावर सुमारे १५०० च्या आसपास पुरते रिकामे झाले.

मजुरीच्या बाबतीत मात्र साथीचा हात स्पष्ट दिसतो, आणि येथे अभ्यासकाने थोडे रेंगाळावे. लेस्टरचा इतिवृत्तकार हेन्री नाइटन सांगतो की साथीच्या भरात ४० शिलिंगांचा घोडा ६ शिलिंग ८ पेन्सला मिळत होता, कारण कोणाला मालमत्तेची पर्वा उरली नव्हती. आणि त्यानंतरच्या सुगीत कापणी करणारा जेवण आणि वर आठ पेन्स घेतल्याखेरीज विळा उचलायला तयार नव्हता. राजा तिसरा एडवर्ड याने जून १३४९ मध्येच वटहुकूम काढून मजुरी १३४६ च्या पातळीवर बांधली, साठ वर्षांखालील धडधाकट बेरोजगारांना काम करणे सक्तीचे केले, आणि १३५१ मध्ये संसदेने तोच कायदा अधिक कडक केला. कायदा एवढ्या घाईने करावा लागला यातच तो मोडला जात होता याचा पुरावा आहे. नंतरच्या न्यायालयीन दप्तरांत जादा मजुरी घेतल्याबद्दल दंड झालेल्यांची लांबलचक नावे सापडतात.

तरीही मजूर लगेच श्रीमंत झाले असे लिहू नये. धान्याचे भाव १३७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चढेच राहिले, त्यामुळे हातात आलेली जादा नाणी पोटातच जात होती. खरी सुबत्ता भाव उतरल्यावर आली. १३८१ च्या शेतकरी उठावाला प्लेगशी जोडतानाही मधले दुवे सांगावेत: तीस वर्षे दाबलेली मजुरी, कुळांवरील जुनी बंधने आणि तात्कालिक ठिणगी म्हणून तिसरी डोईपट्टी. पश्चिम युरोपात भूदासत्व, म्हणजे कुळांना जमिनीशी बांधून ठेवणारी पद्धत, पुढे सैल होत गेले, तर पूर्व युरोपात पुढील शतकांत ते आवळले गेले. माणसांची टंचाई दोन्हीकडे होती. फरक पडला तो जमीनदारांच्या आणि कुळांच्या बळाबळामुळे. प्लेगने शेतकऱ्याला मुक्त केले, हे विधान म्हणूनच मला फार सोपे वाटते.

छळाचा अभ्यास तारखांपासूनच

ज्यूंनी विहिरींत विष कालवले या अफवेतून झालेल्या कत्तलींचे वर्णन करताना 'भीतीने वेडे झालेले लोक' अशी सबब सहज लिहिली जाते. येथे मागे केलेली तारखांची वही उघडावी. सव्हॉय संस्थानातील शियों किल्ल्यात १३४८ च्या शरद ऋतूत ज्यूंचा छळ करून कबुलीजबाब घेतले गेले आणि त्यांच्या नकला नगरानगरांत पाठवल्या गेल्या. बाझल येथील ज्यूंना जानेवारी १३४९ मध्ये आणि स्ट्रासबुर्ग येथील ज्यूंना १४ फेब्रुवारी १३४९ रोजी जाळण्यात आले. स्ट्रासबुर्गमध्ये त्या दिवसापर्यंत प्लेग पोहोचलेलाही नव्हता. त्याआधीच्या आठवड्यात ज्यूंना संरक्षण देणारे नगरमंडळ उलथवले गेले होते, आणि कत्तलीनंतर ज्यूंकडील कर्जरोखे रद्द करून त्यांची रोकड वाटून घेण्यात आली. म्हणजे येथे मरणाच्या भीतीइतकेच नगरातील सत्तेचे आणि कर्जाचे राजकारण पाहावे लागते. पोप सहाव्या क्लेमेंटने १३४८ मध्ये दोनदा आज्ञापत्रे काढून हा आरोप फेटाळला होता. ज्यूही याच रोगाने मरत आहेत आणि जेथे ज्यू नाहीत तेथेही रोग आहे, हा त्याचा युक्तिवाद होता. स्वतःला चाबकाने फोडून घेत फिरणाऱ्या प्रायश्चित्तकर्त्यांच्या मिरवणुकांवरही त्याने ऑक्टोबर १३४९ मध्ये बंदी घातली.

उपाय, आणि चित्रांविषयी सावधगिरी

पॅरिस विद्यापीठाच्या वैद्यकशाखेने राजाच्या आज्ञेवरून १३४८ मध्ये दिलेल्या अहवालात मार्च १३४५ मधील कुंभ राशीतल्या शनी, गुरू आणि मंगळ यांच्या युतीला दोष दिला व दूषित हवेला तात्कालिक कारण मानले. हे वाचून हसण्याऐवजी त्याच कल्पनेतून निघालेले नियम पाहावेत. पिस्तोइया नगराने मे १३४८ मध्ये पिसा आणि लुक्का येथून ये-जा बंद केली, जुने कापड आणण्यास मनाई केली आणि प्रेत खिळे ठोकलेल्या लाकडी पेटीतूनच न्यावे असा नियम केला. दूषित हवा हे कारण चूक होते, पण पिसवा ज्या जुन्या कपड्यांतून जातात ते कपडे अडवणे चूक नव्हते. रागूझाने, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकने, १३७७ मध्ये साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवण्याचा निर्णय घेतला आणि व्हेनिसने १४२३ मध्ये एका बेटावर कायमचे रुग्णालय उभारले.

चित्रे वापरताना त्यांचे मूळ शोधावे. चोचीचा मुखवटा घातलेला वैद्य सतराव्या शतकातला आहे. चौदाव्या शतकाच्या लेखात त्याला जागा नाही. अंगभर फोड असलेल्या रोग्यांचे आणि बिशपाचे एक इंग्रजी चित्र प्लेगचे म्हणून सर्वत्र फिरते, ते कुष्ठरोगाचे आहे. तोगेनबुर्ग बायबल या सचित्र हस्तलिखितातील शय्येवरच्या जोडप्याचे चित्र इजिप्तवर कोसळलेल्या फोडांच्या आपत्तीचे आहे. खात्रीचे चित्र हवे असेल तर जिल ली म्युझी याच्या इतिवृत्तातील, आजच्या बेल्जियममधल्या तूर्ने येथील दफनाचे घ्यावे: त्यात माणसे शवपेट्या खांद्यावर घेऊन दाटीवाटीने येत आहेत आणि काही जण खड्डे खणत आहेत. गाठी त्यात कुठेच नाहीत.

शेवटी, वही १३५३ ला मिटू नये. निवडलेल्या गावाची दप्तरे १३६१ पर्यंत वाचत न्यावीत. त्या वर्षीच्या साथीला समकालीनांनी मुलांची मरी म्हटले, कारण पहिल्या साथीनंतर जन्मलेली मुले त्यात मोठ्या संख्येने गेली. जिव्रीसारख्या गावातील १३४९ मधल्या झुंबडीच्या विवाहांतून जन्मलेली मुले तेव्हा दहा-अकरा वर्षांची असणार. पहिल्या साथीनंतर लोकसंख्या सावरली का नाही, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी त्याच पानांवर मिळते.